दुसरं कोटेशन
(एका ग्रामपंचायत सदस्येच्या रोजनिशीतील पाने)

४ मार्च २०२५, मंगळवार

मार्च लागला की ग्रामपंचायतीत सगळ्यांना एकदम कामं आठवतात. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खात्यावर पडून आहे, तो खर्ची टाका म्हणून पंचायत समितीतून रोज फोन. त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच वापरायचा. म्हणून आजच्या मासिक सभेत विषय क्रमांक चार : नळपाणी योजनेसाठी पाइप, व्हॉल्व्ह व जोडणीचे साहित्य खरेदी करणे. तीन कोटेशनं आली होती. ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावाच्या तोंडी ग्रामसेवकच) दर वाचून दाखवत होते आणि सदस्य मोबाइल बघत होते. कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. दुसरं कोटेशन आमच्या दुकानाचं होतं.

लेटरहेड मीच पसंत केलेलं. वर हिरव्या शाईत गणपती, खाली फाट्याचा पत्ता. घरी मला कुणी अवाक्षरानं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "हे दुकान आमचं आहे. या विषयाला मी बसणार नाही. तेवढं प्रोसिडिंगला घ्या."

भाऊ हसले. भाऊ म्हणजे सरपंचताईंचे यजमान. ते सदस्य नाहीत, पण ताईंच्या शेजारची खुर्ची त्यांची. "वहिनी, ऑर्डर तुम्हाला कुठं मिळतीय? तुमचा दर तर सगळ्यात जास्त आहे."

जास्त होता, खरंच. सगळ्यात कमी दर तालुक्याच्या एका एजन्सीचा. ती एजन्सी ताईंच्या सख्ख्या भावाची आहे, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहायची आपल्याकडं पद्धत नाही, ताई."

मी उठले आणि बाहेर ओट्यावर शिपायाशेजारी जाऊन बसले. चहा यायच्या आत आतून विषय क्रमांक पाचचं वाचन ऐकू आलं.

७ मार्च, शुक्रवार

यांना विचारायला आज सवड मिळाली. दुकान बंद करून आले, जेवले, मग बोलले.

"कोरं लेटरहेड दिलं शिक्का मारून. एक रुपया तरी घेतला का?"

रुपया घेतला नाही, हे मला पटतं. बाजाराची रीतच अशी. आज तुझ्या कामाला माझं कोरं लेटरहेड, उद्या माझ्या कामाला तुझं. ज्याला काम मिळायचं ठरलेलं असतं, तोच तिन्ही कागद भरतो. आपला दर खाली, दोघांचे वर. कायद्याला तीन कागद लागतात, ते मिळतात. शाळेच्या वॉल कंपाउंडला लोखंड आपल्याकडून जाईल, असा शब्दही यांना मिळालेला आहे. कुणी दिला ते यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कळलंच होतं.

"मी सदस्य आहे," मी म्हटलं.

"दुकान माझ्या नावावर आहे. जीएसटी माझ्या नावावर, बँकेचं खातं माझ्या नावावर. तुझा काय संबंध?"

माझा काय संबंध! दुकानात पहिला माल भरायला पतसंस्थेत माझ्या पाटल्या तारण पडल्या होत्या. पोरीची फी गल्ल्यातून जाते, दळणाचे पैसे गल्ल्यातून, आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या गल्ल्यातून. कागदावर मात्र मी त्या दुकानाची कुणी नाही.

गोव्यात हे असं चालत नाही. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा वाटा. तिथल्या एका पंच बाईंच्या यजमानांनी पंचायतीचं काम घेतलं. नवऱ्याच्या कमाईत बायकोचा वाटा, म्हणजे त्या कामात बाईंचाही आर्थिक हितसंबंध आला, असं ठरून बाईंचं पद गेलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच मान्य केलं. हे यांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय, निम्मं दुकान तुझ्या नावावर करू?"

कल्पना वाईट नाही.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. शाल, श्रीफळ, फोटो. सरपंचताईंनी भाषण वाचलं, भाऊंनी लिहिलेलं. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या, हे वाक्य त्यात दोनदा आलं. 'सरपंचपती' हा प्रकार बंद करायला केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं नेमलेल्या समितीनं कडक दंडाची शिफारस केली आहे, ती बातमी कुणीतरी काढली. भाऊंनी ती स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवली आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. ताई हसल्या नाहीत. ताईंशी एकदा एकट्यात बोलायला हवं.

१३ मार्च, होळी

पुरणाचा घाट सकाळीच उरकला आणि दुपारी प्रशिक्षणात मिळालेलं पुस्तक काढून बसले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. निवडून आल्यापासून पिशवीतून बाहेर आलं नव्हतं.

कलम १४ म्हणजे सदस्य कुणाला राहता येत नाही त्याची यादी. दोनपेक्षा जास्त मुलं, थकलेली घरपट्टी, सरकारी जागेवरचं अतिक्रमण. त्यातच आमची ओळ : पंचायतीच्या हुकमानं होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा आडमार्गानं काही वाटा वा हितसंबंध असेल, तो गेला. सवलतीही आहेत. नोंदणी झालेल्या संस्थेत नुसता शेअर असला, पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात वाटा असला, तर तेवढ्यानं पद जात नाही. प्रकरण जातं जिल्हाधिकाऱ्यांकडे, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे. नुसतं नातं दाखवून भागत नाही, हितसंबंध सिद्ध करावा लागतो.

वाचून माझं समाधान झालं नाही. भाऊंचे मेव्हणे साहित्य पुरवतात, पैसे त्यांच्या खात्यावर जातात, ताईंच्या खात्यावर रुपया येत नाही. सिद्ध काय करणार? आणि सिद्ध झालंच तर थेट पद जाणार. पद जाण्याच्या अलीकडे एक साधी पायरी असते. ज्याचा संबंध असेल त्यानं तोंडानं सांगावं, उठून बाहेर जावं, आणि हे वहीत लिहिलं जावं. आमच्या पंचायतीत ही पायरी कुणी चढलेली मी तरी पाहिली नाही.

रात्री नणंदेच्या मुलाचा फोन आला, होळीच्या शुभेच्छा द्यायला. तो इंग्लंडात स्लाउला असतो. सहज त्याला विचारलं, तुमच्याकडं नगरसेवकाचं दुकान असलं तर काय करतात? त्यानं शोधून सांगितलं : २०११ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे निवडून आल्यावर २८ दिवसांत आपले आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहून द्यावे लागतात. नवऱ्याचे किंवा बायकोचेसुद्धा. ती वही कुणालाही बघता येते. मुद्दाम लपवलं तर तो फौजदारी गुन्हा. "मामी, तुमच्याकडं नाही का असं?" आमच्याकडं उमेदवारी अर्जाबरोबर मालमत्तेचं घोषणापत्र असतं. मी भरलंय. निवडणुकीनंतर ते कुणी उघडून पाहिलं असेल तर मला तो माणूस भेटायचा आहे.

२० मार्च, गुरुवार

पंचायतीत गेले आणि ४ तारखेच्या सभेचं इतिवृत्त आणि तिन्ही कोटेशनं मागितली. ग्रामसेवकांनी आढेवेढे घेतले नाहीत. भला माणूस आहे. दोन गावांचा कारभार, वरून गटविकास अधिकाऱ्यांचे फोन, खालून भाऊंचे.

कोटेशनं खिडकीशी उजेडात धरून पाहिली. तीन दुकानं, तीन लेटरहेडं. एक गुलाबी, एक पांढरं, आमचं हिरव्या गणपतीचं. पण आतला मजकूर एकाच कॉम्प्युटरवरचा. तिन्हींत 'व्हॉल्व्ह'चं 'व्हाल' झालेलं. तिन्हींत ६३ मिलिमीटरचा पाइप तिसऱ्या नंबरला, आणि त्याच ओळीत 'नग'ऐवजी 'नाग'. तारीख एकच. शिक्के तेवढे वेगळे. आमच्या कागदावर खाली सही आहे, मराठीत. हे आयुष्यात मराठीत सही करत नाहीत.

मग इतिवृत्त. विषय क्रमांक चार. 'सर्वात कमी दराचे दरपत्रक सर्वानुमते मंजूर करण्यात आले.' सूचक ताईंचे चुलतदीर. अनुमोदक म्हणून माझं नाव.

मी त्या वेळी ओट्यावर होते. शिपाई साक्षीला आहे, आमच्या दोघांत चहाही झाला होता.

"ताई, अनुमोदक आळीपाळीनं टाकतो आम्ही," ग्रामसेवक म्हणाले. "तुमचं बरेच दिवसांत आलं नव्हतं."

त्यांच्या आवाजात खोडी नव्हती. हेच मला जास्त लागलं. चार जणांना वाईट वाटू नये म्हणून पाळीनं नावं टाकायची, जसा भजनी मंडळाचा नारळ पाळीनं फोडतात. ज्या कामाला मी हात वर केला नाही त्यावर माझं नाव, माझ्या घरचं खोटं कोटेशन त्याच्या पाठीला, आणि ऑडिटला सगळं बिनचूक. उद्या कुणी खोलात गेलं तर ताईंच्या आधी माझंच नाव सापडेल.

दुरुस्तीचा अर्ज तिथंच बसून लिहिला. पोच घेतली. आवक नंबर टाकून घेतला. पोच न घेता अर्ज देणं म्हणजे तो विहिरीत टाकणं, हे सदस्य होण्याआधीही माहीत होतं.

२५ मार्च, मंगळवार

अर्जाची बातमी गावभर. संध्याकाळी विरोधी पॅनेलचे दोघे घरी आले. इतकी गोड बोली त्यांच्या तोंडून निवडणुकीतही ऐकली नव्हती.

"वहिनी, तुम्ही फक्त सही करा. कागद आमचा वकील करतो. कलम चौदा लावून सरपंच घालवू. मग पुढची सरपंच तुम्हीच."

ज्यांनी हे सांगितलं, त्यांच्या थोरल्या भावाचा गोठा गायरानात आहे. ते स्वतः त्या भावाच्याच घरात राहतात. अतिक्रमण करणारा घरातला दुसरा कुणी असला, तरी त्याचा लाभ घेत तिथंच राहणारा सदस्य सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या प्रकरणात सांगितलं आहे. प्रकरण आपल्याच राज्यातलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "गोठ्याचं काय करता?" चहा अर्धा टाकून गेले.

अपात्रतेची कलमं तालुक्यात कशाला वापरतात ते अशा वेळी कळतं. कारभार स्वच्छ करायला कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही. पाडायला जातात. ज्यांची पत्नी सरपंच व्हायची राहिली, ज्यांचं बिल अडलं, ते जातात. मग वर्ष वर्ष तारखा, निकाल लागेपर्यंत पुढची निवडणूक. दोन्ही पॅनेलकडे एकमेकांच्या फायली तयार असतात आणि त्यामुळेच दोन्ही शांत असतात. या शांततेला आमच्याकडं 'गावात राजकारण नाही' असं म्हणतात.

३० मार्च, पाडवा

दरवर्षी सरपंचाच्या घरून साखरेची गाठी येते. यंदा आली नाही. आत्याबाईंनी दोनदा दाराकडं पाहिलं, मग म्हणाल्या, "एका कागदापायी!" मी दुकानातून आणलेली गाठी गुढीला घातली.

१६ एप्रिल, बुधवार

मासिक सभा. विषय क्रमांक एक कायमचा : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर ते वाचल्याचं मला आठवत नाही. 'वाचलं समजू' म्हणतात आणि वही सह्यांना फिरते. मी म्हटलं, वाचा.

भाऊ म्हणाले, "वेळ जाईल." वस्तीवरच्या काकूंनी मग तोंड उघडलं. काकू राखीव जागेवरच्या, सभेत बोलत नाहीत. "वाचू द्या की. मी सही शिकले ती कशावर करायला शिकले ते मला बी कळू द्या."

वाचलं. माझं नाव येताच मी अर्ज दाखवला, शिपायाला आत बोलावलं. ग्रामसेवकांनी ताईंकडं पाहिलं, ताईंनी भाऊंकडं. आणि मग ताई म्हणाल्या, "खोडा ते. त्या बाहेर होत्या, मी पाहिलं." भाऊ काही बोलले नाहीत. माझं नाव लाल शाईनं खोडलं, बाजूला ग्रामसेवकांची आणि ताईंची सही झाली. अनुमोदक म्हणून उपसरपंचांनी आपलं नाव दिलं.

साहित्य तर कधीच येऊन पडलं आहे. माल बरा आहे, हेही लिहून ठेवते. पाइप आयएसआयचे आहेत, मी शिक्का पाहिला. दर बाजारापेक्षा जास्त लावले का, हे मला ठरवता येत नाही, कारण खरी तीन कोटेशनं घेतलीच नव्हती.

जाताना जिन्यात ताई थांबल्या. "मला पण त्या दिवशी उठता आलं असतं का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "उपसरपंच होते की सभा चालवायला." त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

१ मे, महाराष्ट्र दिन

ग्रामसभा. झेंडावंदनाला आलेल्यांना परत जाऊ दिलं नाही म्हणून गणपूर्ती झाली. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते. मंडपाखाली पंखा नाही, लहान पोरं लिंबू सरबताभोवती.

मी ठराव मांडला. कोणत्याही खरेदीचा किंवा कामाचा विषय निघाला की ज्या सदस्याचं, सरपंचाचं किंवा कर्मचाऱ्याचं, त्याच्या घरातल्याचं किंवा जवळच्या नातलगाचं दुकान वा ठेका त्यात असेल, त्यानं ते सांगायचं, त्या विषयापुरतं बाहेर जायचं, आणि इतिवृत्तात दोन्ही लिहायचं. कोटेशनं ग्रामपंचायतीनं स्वतः त्या त्या दुकानातून आणायची, पुरवठादारानं आणून द्यायची नाहीत.

एक तात्या उठले. "पोरी, अख्खं गाव एकमेकांचं सोयरं. खालच्या आळीत दिलं तर भावकी, वरच्या आळीत दिलं तर पाहुणे. मग काय नळाची तोटी परमुलखातून आणायची?"

प्रश्न खरा होता आणि लोक हसलेही नाहीत. मी म्हटलं, "तात्या, सोयऱ्याकडूनच घ्या. स्वस्त असेल, जवळ असेल, रात्री-अपरात्री दुरुस्तीला येत असेल तर त्याच्याकडूनच घ्या. फक्त सोयरा आहे हे आधी सांगा आणि ठरवताना तुम्ही बसू नका. उरलेले ठरवतील."

"आणि उरलेले पण सोयरेच निघाले तर?"

"मग ग्रामसभेपुढं आणा."

मागून कुणीतरी ओरडलं, "तुमच्या दुकानाचं काय?" विचारायलाच हवं होतं. मी माइकवरून सांगितलं की मार्चमधलं दुसरं कोटेशन आमच्या लेटरहेडवर होतं, त्यातले दर आमचे नव्हते आणि सहीही यांची नव्हती. हे मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. मान खाली घातली नाही, पण घरी येईपर्यंत बोललेही नाहीत. घरी आल्यावर गल्ल्याच्या खणातलं लेटरहेडचं बुक काढून कपाटात टाकलं आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. मी ती परत दिली. दुकान त्यांचं आहे, किल्ली त्यांनीच सांभाळायची.

ठराव मंजूर झाला. लिहिताना उपसरपंचांनी 'शक्यतो' घालायला सांगितलं. 'शक्यतो बाहेर जावे.' माझी हरकत नोंदवून घेतली, शब्द राहिला.

२० मे, मंगळवार

विहिरीवरची मोटर जळाली. दोन दिवस नळाला पाणी नाही, टँकरचं नाव निघालं. तातडीची सभा. ग्रामसेवक या वेळी स्वतः मोटरसायकलवर तीन दुकानांत जाऊन आले होते. तिन्ही कोटेशनं हातानं लिहिलेली, तीन वेगळी अक्षरं, एकावर तेलाचा डाग.

सगळ्यात कमी दर उपसरपंचांच्या साडूचा. उपसरपंच पाच-दहा सेकंद तसेच बसले. मग म्हणाले, "हे माझ्या साडूचं दुकान," आणि बाहेर गेले. चप्पल घालताना 'शक्यतो' असं काहीतरी पुटपुटले, त्यावर सगळे हसले. आम्ही साडूलाच काम दिलं. दर कमी होता आणि माणूस संध्याकाळपर्यंत मोटर बसवून देणार होता. इतिवृत्तात आलं : 'उपसरपंच यांनी नाते जाहीर केले व या विषयापुरते ते सभागृहाबाहेर होते.'

तात्या पारावर म्हणाले, "काम तर साडूलाच गेलं. मग फरक काय पडला?" मी त्यांना ती वही वाचायला या म्हटलं. मासिक सभेच्या इतिवृत्ताची नक्कल हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आणि पानाला दोन रुपये.

शाळेच्या वॉल कंपाउंडचं लोखंड आमच्याकडून जाणार नाही, हे यांना आज कळलं. त्याची कोटेशनं पुढच्या महिन्यात सभेपुढं येतील. ज्या तीन दुकानांची येतील, त्या तिन्ही ठिकाणी मी स्वतः फोन करून विचारणार आहे.